हिरामण बापूंचं पांढरं फडकं

हिरामण बापू कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी पाणी मागतात. उकळतं.

नवीन माणसाला वाटतं, वय झालंय, घसा धरला असेल. घरातली बाई आल्याचा तुकडा, मिठाची बरणी असं काहीबाही घेऊन येते. बापू ते सगळं बाजूला सारतात, सदऱ्याच्या खिशातून एक पांढरं सुती फडकं काढतात, त्याच्या घड्या मोडून ते मांडीवर पसरतात आणि म्हणतात, "आणा."

"काय आणू?"

"असेल ते. डबा, बाटली, गाळणी, टब. लपवू नका. लपवलेलं मला नंतर दिसतंच."

मग फडकं उकळत्या पाण्यात बुडवून हातानेच पिळतात. हाताला काही होत नाही, जन्म मिलमध्ये गेला आहे. पिळलेलं फडकं डब्याच्या आतून असं घासतात की आपल्या हातून काहीतरी गुन्हा झालाय असं डब्यालाच वाटावं. नंतर उठून दारात जातात, फडकं उन्हात धरतात आणि एक डोळा मिटतात. घरातली माणसं श्वास रोखून मागे उभी असतात. बापू निकाल देतात. एकच शब्द.

"कच्चा!"

किंवा, फार क्वचित, "पक्का."

आमच्या सुरतेतल्या लिंबायतमध्ये हे दोन शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. इथे घरटी एक माणूस माग चालवतो, नाहीतर मिलमध्ये कापड रंगवतो. धुतल्यावर रंग सोडतो तो कच्चा, सोडत नाही तो पक्का. बापू पारोळ्याकडून सुरतेला आले ते थेट उधन्याच्या एका डाइंग मिलच्या रंगखात्यात शिरले, आणि निवृत्तीलाच बाहेर पडले. रंगवलेल्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासायचं, खिडकीशी जाऊन उजेडात बघायचं आणि रंग उतरला की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. बापू निवृत्त झाले, पण हाताला कुणी तसं कळवलं नाही.

तरी बरीच वर्षं हा हात शांत होता. तो जागा झाला कवितामुळे.

कविता माझी विद्यार्थिनी. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. माझ्या हाताखाली ती पाढे चुकायची, आता बायकांची डॉक्टर आहे. मागे एकदा श्रावणात कानबाईचा उत्सव होऊन देवीचं विसर्जन झालं होतं, पण मांडव सोडायचा राहिला होता. म्हटलं, मांडव आहेच तर भाषण ठेवू. घरातलं प्लास्टिक आणि आपली तब्येत, असा विषय होता. कविता छान बोलली. गरम, तेलकट आणि आंबट प्लास्टिकमध्ये ठेवू नका. चरे पडलेला डबा वापरू नका. टपरीवरून पिशवीत बांधून गरम चहा आणता, तो आणू नका. प्लास्टिक मऊ व्हावं, टिकावं म्हणून त्यात जी रसायनं घालतात त्यातली काही थोडी थोडी अन्नात येतात आणि अंगातल्या ग्रंथींच्या कामात लुडबुड करतात. थायरॉइड, पाळी, मूल होणं न होणं, यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. घाबरू नका, पण सवयी बदला.

बायका घाबरल्या नाहीत. त्यांनी सवयीही बदलल्या नाहीत. मागच्या रांगेतून हिरामण बापू मात्र उठून उभे राहिले.

"ताई, म्हणजे प्लास्टिक उतरतं?"

"हो बापू, उतरतं."

"कापडाचा रंग उतरतो तसं?"

कविताला दवाखान्यात परत जायचं होतं. ती पर्स उचलत म्हणाली, "तसंच समजा."

बापूंनी तसंच समजलं.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत प्लास्टिकची परीक्षा सुरू झाली. जुन्या साड्या घेऊन त्यावर टब-बादल्या देणारा एक हातगाडीवाला दर आठवड्याला यायचा. सुरतेत साड्यांना काय तोटा, त्याचा धंदा तेजीत होता. एक दिवस बायकांचा घोळका गाडीभोवती जमलेला असताना बापू किटलीतून उकळतं पाणी घेऊन आले. पहिला लाल टब घासला. फडकं गुलाबी झालं.

"कच्चा!"

"काका, टब है," हातगाडीवाला म्हणाला. "इसमें कपडा धोना है. खाना थोडी खाना है."

"कल को कोई बच्चा इसमें बैठके आम खाएगा तो?"

हातगाडीवाल्याने या शक्यतेवर विचार केला. असं होणार नाही असं त्याला छातीठोकपणे म्हणता येईना. तेवढ्यात बापूंनी हिरवी बादली घासायला घेतली. "काका, लेना है तो लो, घिसो मत!" तो ओरडला. पण फडकं हिरवं झालं होतं, आणि बायकांनी आपापल्या साड्या परत मागितल्या. तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. शेजारच्या गल्लीत येतो, आणि यायच्या आधी विचारतो, "वो सफेद कपडेवाले काका इधर तो नहीं?"

लग्नातली गोष्ट तर सबंध लिंबायतला ठाऊक आहे. वरण-बट्टीची पंगत होती. कढत वरण प्लास्टिकच्या वाट्यांत वाढत होते. बापू घरून स्वतःचं ताट, वाटी, तांब्या घेऊन आले होते, ते त्यांनी पिशवीतून काढून समोर मांडलं. मुलीकडच्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वराकडचा एवढा वडीलधारा माणूस आपल्या वाटीला हात लावत नाही, म्हणजे नक्की कुठे मानपान चुकला. मुलीचे काका धावत आले, मामा आले. टोपी आली, टॉवेल आला. "बापू, काही चुकलं असेल तर पोटात घाला," असं म्हणत त्यांनी बापूंच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर नवा कोरा निळा टॉवेल टाकला.

बापूंना भरून आलं. आपल्या कामाची शेवटी समाजाने दखल घेतली असं त्यांना वाटलं. त्यांनी गरम पाणी मागवलं, टॉवेलचं टोक त्यात भिजवलं आणि पंगतीसमोर प्लास्टिकची वाटी घासून दाखवली. वाटी निळी झाली.

बापूंनी वाटी उजेडात धरून पाहिली. मग टॉवेल खांद्यावरून काढून त्याची घडी केली, मुलीच्या काकांच्या हातात दिली आणि सौम्यपणे म्हणाले, "वाटी राहू द्या. टॉवेलच कच्चा आहे."

आता या परीक्षेत एक बारीकसा घोटाळा होता. बापूंच्या हिशोबाने जे उतरतं ते फडक्यावर दिसलंच पाहिजे. त्यामुळे आमच्या घरातला कपडे भिजवायचा लाल टब नापास झाला, आणि आइस्क्रीमचा पांढरा डबा, ज्याचा रंगच पांढरा, तो पांढऱ्या फडक्यावर काय सोडणार, तो पहिल्या नंबराने पास झाला. माझ्या सासूबाई दुसऱ्या दिवसापासून त्या डब्यात वाफाळती आमटी ओतायला लागल्या.

मी म्हटलं, "अहो आई, कविता काय म्हणाली होती? गरम ठेवायचं नाही."

"कविताले काय समजस?" सासूबाई म्हणाल्या. "बापूंनी पास केलाय."

असे पास झालेले डबे गल्लीभर होते. लोक दुकानदाराला अभिमानाने सांगायचे की आमच्याकडे पक्का माल आहे. मी एकदोनदा बापूंना म्हणून पाहिलं, "बापू, रंगाचं आणि रसायनाचं वेगळं असेल कदाचित." बापूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मास्तरीणबाई, तुम्ही शाळेत शिकवता. मी रंगखात्यात होतो. उतरतं ते दिसतं. न दिसता उतरणारं काही मी आजवर पाहिलं नाही." या वाक्यात काहीतरी चूक आहे हे मला कळत होतं, पण कुठे आहे ते चटकन सापडेना, आणि तोवर ते पुढच्या घरी गेले होते.

बापूंच्या बायकोला गल्ली माई म्हणते. बापूंच्या या सगळ्या मोहिमेवर माईंचं एकच म्हणणं असे, "चालू द्या त्यासनं." बापू कुणाच्या तरी दारात फडकं उन्हात धरून उभे असले की समोरच्या ओट्यावरून माईंचा आवाज येई, "आयकं का, चहा थंडा व्हई ऱ्हायना." निकाल लावल्याशिवाय बापू हलत नसत. माई चहा पुन्हा गरम करत.

त्यांना मूलबाळ नाही. इतक्या वर्षांत ते कुणी त्यांच्या तोंडावर काढलेलं नाही. काढायची गरजच पडत नाही. गल्लीत कुणाचं डोहाळेजेवण असलं की ओटीचं ताट फिरायला लागतं, आणि बरोबर त्या वेळी माझ्या सासूबाई अगदी गोड आवाजात म्हणतात, "माई, जरा चहाचं बघता का?" माई आधीच उठलेल्या असतात. त्या स्वयंपाकघरात जातात, आणि ओटी भरून होईपर्यंत चहाचं बघतात. गल्लीतल्या निम्म्या लेकी-सुनांच्या डोहाळेजेवणाचा चहा माईंनी केलेला आहे. तांदूळ, नारळ, खण यांना मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. माईंच्या लग्नानंतर काही वर्षांनी सासरच्यांनी बापूंना दुसरी मुलगी दाखवली होती, म्हणे. बापू मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले आणि तिच्या बापाला सांगून आले की पोरीला चांगल्या ठिकाणी द्या. हे मला सासूबाईंनीच सांगितलं. त्यांचा राग पोह्यांवर होता. नाही म्हणायचं होतं तर खाल्ले कशाला?

अशा समारंभात ओटीची वेळ आली की बापू चपला घालून गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. तिथे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षा बघतात. त्यांना रिक्षांची आवड आहे असा माझ्या मुलाचा लहानपणी समज होता.

आणि आता ड्रम.

आमच्या भागात घराघरांत नळ नव्हते तेव्हा साठवणीचं भांडं म्हणजे श्रीमंती. मिलमध्ये रसायनं यायची ती मोठमोठ्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधून. रिकामे ड्रम मागच्या बाजूला पडलेले असत. रंगखात्यातल्या माणसाने साहेबांकडे गोड बोलून मागितला की मिळे. बापूंनी गल्लीतल्या कितीतरी घरांना ड्रम आणून दिले. आमचाही त्यांनीच आणलेला. आमच्या घरी त्यात गहू असतात. पण सगळ्यात पहिला ड्रम त्यांनी स्वतःच्या घरी आणला, लग्न झालं त्या वर्षी. तो परवापरवापर्यंत त्यांच्या मोरीशेजारी विटांवर उभा होता, आणि त्यात पिण्याचं पाणी असे. त्याची परीक्षा बापू पाहुण्यांसमोर मुद्दाम घेत. फडकं आतून फिरवत, दारात नेत आणि ते शुभ्र फडकं झेंड्यासारखं हलवून म्हणत, "याला म्हणतात पक्का. असा माल आता होत नाही."

माझी सून हेतल गुजराती आहे. तिला सातवा लागला तेव्हा कविता तिला बघायला घरी आली. बापूंना सुगावा लागला. "डॉक्टरीणबाई, आमच्याकडे चहाला आल्याशिवाय जायचं नाही. तुम्ही सांगितलं त्यावर काय काम झालं ते दाखवतो." मीही बरोबर गेले. अशी गोष्ट चुकवणाऱ्यांतली मी नव्हे.

बापूंनी सगळं दाखवलं. नापास डबे एका पोत्यात, पास डबे फळीवर. फळीवरचे पास डबे बघून कविताचा हात कपाळाकडे निघाला होता, तो तिने केसांवरून फिरवून खाली आणला. मग बापूंनी ड्रमचं झाकण उघडलं, फडकं आतून फिरवलं, ड्रमला टिचकी मारली आणि बाजूला झाले.

"यात काय होतं बापू, आधी?"

"औषध. कापड मऊ करायचं."

"आणि आता यातलं पाणी पिता?"

"जन्मभर," बापू अभिमानाने म्हणाले. "बघा, फडकं बघा. डाग आहे का?"

कविता खाली बसली. बापूंच्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज अगदी खाली आणला. "बापू, ते फडक्यावर दिसत नाही. त्याला रंग नसतो. वास असेलच असंही नाही. आणि औषधाच्या ड्रममध्ये प्यायचं पाणी कधीच ठेवायचं नसतं. औषध प्लास्टिकमध्ये मुरतं, धुऊन जात नाही."

"रंग नाही?"

"नाही."

"मग उतरतंय हे कळणार कसं?"

"प्रयोगशाळेत कळतं."

"आणि घरी?"

"घरी नाही कळत, बापू. म्हणून तर सांगते की गरम स्टीलमध्ये ठेवा, चरे पडलेलं फेका, प्यायचं पाणी माठात नाहीतर तांब्याच्या भांड्यात भरा. एवढंच."

बापूंनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ते स्वच्छ होतं. मी इतकं स्वच्छ फडकं आणि इतका पडलेला चेहरा एका वेळी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाला माप लावणारा माणूस, आणि त्याच्या हातातलं मापच खोटं निघालं. माई चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि आत गेल्या. त्या आत गेल्याची बापूंनी मान वळवून खात्री केली. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"ताई, तुम्ही त्या दिवशी मांडवात म्हणाला होता. मूल होणं न होणं. ते या ड्रममुळे असू शकतं?"

कविताने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"असू शकतं," ती म्हणाली. "नसूही शकतं. बापू, इतक्या वर्षांनी हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कारणं शंभर असतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मला वाटलं, आता बापू कोसळणार. मी कप खाली ठेवला, त्यांना धरायच्या तयारीने. पण त्यांचा चेहरा उजळत गेला. मिलमध्ये एखादी छटा फार दिवस जुळत नसावी आणि एकदम जुळावी, तसा.

"असू शकतं," ते स्वतःशी म्हणाले. नंतरचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. "असू शकतं म्हणता ना?"

हेतलचं डोहाळेजेवण आमच्या अंगणात झालं. गल्लीतल्या सगळ्या बायका, हेतलच्या माहेरच्या बायका, कविताही आली होती. हेतल हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. सासूबाईंनी ओटीचं ताट हातात घेतलं, चौफेर नजर फिरवली आणि गोड आवाजात सुरुवात केली, "माई, जरा चहाचं..."

माई उठल्याच होत्या. तेवढ्यात गडगडाट झाला.

बापू ड्रम घेऊन येत होते. उचलून नव्हे, गल्लीतून तो निळा ड्रम आडवा लोळवत. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषमाणूस शिरला म्हणून काहींनी पदर सावरले, हेतलच्या माहेरच्यांना वाटलं ही मराठी लोकांतली काही पद्धत असेल, त्यांनी ड्रमसाठी आदराने जागा करून दिली. बापूंनी ड्रम अंगणाच्या मधोमध उभा केला, टोपी नीट केली, आणि घाम न पुसता बोलायला लागले.

"ऐका सगळ्या. हा ड्रम मी आणला. लग्न झालं त्या वर्षी. हिने मागितला नव्हता, मीच आणला. यात औषध होतं, ते पाण्यात उतरत होतं. आम्हाला मूल झालं नाही ते यामुळे. हिच्यात काही खोट नव्हती. खोट मी घरात आणून ठेवली होती, विटांवर." त्यांनी ड्रमवर हात ठेवला. "इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या जागी बघत होता. एवढंच सांगायचं होतं."

माई अर्धवट उठलेल्या तशाच उभ्या होत्या, एक हात भिंतीला.

पहिल्या सावरल्या त्या माझ्या सासूबाई. "ए माय! ड्रम तर आमच्या घरी पण होता. तरी माले चार पोरं झायात ना!"

"तुम्ही त्यात गहू भरता," बापू म्हणाले.

सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि गव्हाविरुद्ध काही सुचेना म्हणून मिटलं. मग त्यांनी वरच्या कोर्टात दाद मागितली. त्या कविताकडे वळल्या. "काय गं, तू डॉक्टर ना? हे म्हणतात ते खरं?"

सगळ्या बायका कविताकडे बघायला लागल्या. बापूही बघत होते. ज्यांनी आमचे टब नापास केले, बादल्या फेकायला लावल्या, लग्नात टॉवेल परत केला, ते बापू आता कुणीतरी आपला निकाल द्यावा म्हणून टोपी हातात धरून उभे होते.

"असू शकतं," कविता म्हणाली. आणि पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत तिने ताटातला एक पेढा उचलून अख्खा तोंडात टाकला.

पाटावरून हेतल म्हणाली, "माई, आवो ने. तमे भरो."

माई हलेनात. हेतलने दोन्ही हातांनी पदर पसरला आणि पसरलेलाच ठेवला. सातव्या महिन्यातल्या बाईला असं ताटकळत ठेवणं बरं नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. शेवटी सासूबाईंनीच ताट माईंच्या हातात कोंबलं. "भरा आता, उभ्या काय राहिल्या? पोरीचे हात दुखतील." आणि पदराला डोळे पुसत माझ्यावर खेकसल्या, "तू काय बघतेस? चहाचं बघ!"

मी चहाचं बघायला आत गेले, त्यामुळे माईंनी ओटी कशी भरली ते मला दिसलं नाही. फक्त नारळ खाली पडल्याचा आवाज आला, मग सगळ्या बायका एकदम हसल्याचा.

कार्यक्रम आटोपल्यावर माई मदतीला आत आल्या. ओट्यापाशी उभ्या राहून त्या कप विसळायला लागल्या. उशिरा आलेल्या बायकांना बापू बाहेर तेच सगळं पहिल्यापासून सांगत होते. त्यांचा आवाज मध्येच पाण्याच्या आवाजात बुडत होता.

मला राहवेना. म्हटलं, "माई, बापूंनी कमाल केली हो. पण इतकी वर्षं ते पाणी प्यायलात तुम्ही. तुमच्या तब्येतीची काळजी वाटते."

"मी कुठे प्यायले?" माई म्हणाल्या.

"म्हणजे?"

माईंनी एक कप पालथा घातला. "त्या पाण्याला वास यायचा. पहिल्याच दिवशी आला होता. यांना येत नव्हता, मिलमध्ये राहून यांचं नाक गेलेलं. मी गल्लीतल्या नळावरून वेगळी घागर भरायचे. स्वयंपाक त्याच पाण्याचा, माझं पिणं त्याचंच. यांनाही तेच द्यायचे, पण हे कुठे ऐकतात. घरी आले की झाकण उघडायचे, तांब्या बुडवायचे, म्हणायचे, ड्रमच्या पाण्याची गोडीच वेगळी."

"आणि तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगणार? उधन्याहून सायकलवर बांधून आणला होता, भर उन्हात. सगळ्या गल्लीला दाखवत होते. मी नवी नवरी. वास येतो असं म्हणू?" त्यांनी पुढचा कप घेतला. "मग राहूनच गेलं."

"मग आता सांगणार?"

"आता?" माईंना हसू आलं. "आता कुठे त्यांना कारण सापडलंय. ते कशाला काढून घेऊ?"

बाहेर बापू पुन्हा त्या वाक्याशी आले होते. हिच्यात काही खोट नव्हती, असं कुणाला तरी सांगत होते. माईंनी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.